गावपातळीवरची वांशिक न्याय समिती: ठरावाच्या पुढचं काम

2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये एका पोलिस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या केली. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कितीतरी लहानमोठ्या गावांत वांशिक न्यायासाठी स्वयंसेवकांच्या समित्या उभ्या राहिल्या. काही सिटी कौन्सिलने नेमल्या, काही चर्चमधून निघाल्या, काही शाळेच्या पालकांनी मिळून काढल्या. पुष्कळशा समित्यांचं पुढे सारखंच झालं: निषेधाचं एक निवेदन, एक वाचनमंडळ, 'आमचं गाव सर्वांचं आहे' असा एक ठराव, आणि मग बैठकीगणिक कमी होत गेलेली माणसं. ज्या समित्या टिकल्या आणि ज्यांनी काही बदलून दाखवलं, त्यांनी साधारण एकच केलं. गावाच्या हातात असलेला एक प्रश्न धरला, त्याचे कागद मिळवले आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशा कामात पडू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. आपण इथे पाहुणे आहोत, हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे, असं आपल्याकडे बरेचदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं होतं. आपल्याला इथे यायची वाट मोकळी करणारा 1965 चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळ ऐन भरात असताना झाला. आणि 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का हे पाहण्यासाठी. हा धागा आपल्या घरातलाच आहे.

नवी समिती काढण्याआधी

गावात आधीपासून कोण काम करतंय ते शोधा. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था 1909 पासून आहे आणि तिच्या स्थानिक शाखा देशभर पसरलेल्या आहेत. जुनी कृष्णवर्णीय चर्चेस, भाडेकरूंच्या संघटना, सिटीचा मानवी संबंध आयोग, स्थानिक इतिहास मंडळ यांपैकी काही ना काही बहुतेक ठिकाणी सापडतं. त्यांच्या बैठकांना जा आणि काही महिने मागच्या रांगेत बसून ऐका. कोणते प्रश्न त्यांनी आधीच मांडलेत, कुठे दार बंद झालं, कुणाला शब्द देऊन फिरवलं, हे तिथेच कळतं. पुष्कळदा असं लक्षात येतं की नव्या समितीची गरजच नाही. असलेल्या संघटनेला आकडेमोड करणारं, इतिवृत्त लिहिणारं किंवा गाडी घेऊन येणारं माणूस हवं असतं. तसं असेल तर तेच करा. त्यात कमीपणा नाही.

तरीही समितीची गरज वाटली, तर ती सरकारी असावी की स्वतंत्र, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका.

सिटी कौन्सिलने नेमलेल्या समितीला वजन असतं. तिचा अहवाल कौन्सिलला अधिकृतपणे दाखल करून घ्यावा लागतो, खात्यांचे अधिकारी बैठकीला येतात. पण ती सल्लागार असते, नेमणुका वरून होतात, आणि नेमणारे ती बरखास्तही करू शकतात. शिवाय तिला उघड बैठकांचा कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राउन अॅक्ट आहे. त्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि बहुसंख्य सदस्यांनी ईमेलवर किंवा एकामागून एक फोन करून विषय आपसात ठरवणं हाही नियमभंग ठरतो. इतर राज्यांचे नियम थोडेफार वेगळे आहेत, पण सगळीकडे आहेत. सदस्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढण्याआधी सिटी क्लार्कला विचारा.

स्वतंत्र नागरिकांच्या समितीला हे बंधन नसतं, ती मोकळेपणाने टीका करू शकते, पण तिचं कुणी ऐकलंच पाहिजे असंही नसतं. माझं मत विचाराल तर सुरुवात स्वतंत्र समितीने करावी. सरकारी समितीची मागणी पुढे, हातात प्रश्न आणि कागद आल्यावर करता येते. आधी सरकारी समिती मिळाली तर पहिलं वर्ष बोधवाक्य आणि उद्दिष्टं लिहिण्यात जातं.

कोण बसणार

नऊ ते तेरा माणसं पुरेत. ज्यांच्यावर अन्यायाचा भार प्रत्यक्ष पडतो त्यांचं बहुमत असावं आणि अध्यक्षपदही त्यांच्याकडे असावं. सहअध्यक्ष दोन ठेवले तर एक जण आजारी पडला किंवा गाव सोडून गेला तरी काम थांबत नाही. मुदत दोन वर्षांची ठेवा, पण दरवर्षी निम्मे सदस्य बदलतील अशी रचना करा, म्हणजे सगळी माहिती एकदम दाराबाहेर जात नाही.

बैठकीची वेळ आणि जागा हा फुटकळ तपशील मानू नका. संध्याकाळी सहाला, गाडीशिवाय पोहोचता येणार नाही अशा ठिकाणी बैठक ठेवली की दुसऱ्या पाळीत काम करणारी, लहान मुलं असलेली, बसने फिरणारी माणसं आपोआप गळतात. मग समितीत उरतात ते निवृत्त प्राध्यापक आणि घरून काम करणारे आपण. बैठकीच्या जागी मुलं सांभाळण्याची सोय, दुभाष्या, जेवण आणि बसच्या वेळापत्रकाशी जुळणारी वेळ या चार गोष्टींवर जमलेला पहिला पैसा खर्च व्हावा.

आणखी एक. कृष्णवर्णीय रहिवाशांना बोलावून 'तुमचे अनुभव सांगा' असं म्हणायचा मोह फार असतो. ती माणसं तेच अनुभव पोलिस चौकशीत, शाळेच्या बैठकीत, वार्ताहरांना कितीदा तरी सांगून चुकलेली असतात, आणि सांगून काही झालेलं नसतं. कुणाला बोलवायचं असेल तर त्याच्या सांगण्याचं पुढे नेमकं काय होणार हे आधी सांगा. लिहून ठेवणार असाल तर मजकूर त्यांना दाखवून घ्या. आणि एखाद्याचं ज्ञान तुम्ही व्याख्यानासारखं वापरणार असाल तर मानधन द्या.

प्रश्न कुणाच्या हातात आहे

समित्या इथेच सर्वांत जास्त चुकतात. 'पोलिसांचा वंशभेद' किंवा 'शिक्षणातली विषमता' हे प्रश्न खरे आहेत, पण त्यांवर मतदान करणारी कुणी एक संस्था नाही. शाळेतून निलंबन कोणत्या कारणांसाठी करायचं हे स्कूल बोर्ड ठरवतं. सिटी पोलिसांचं अंदाजपत्रक कौन्सिल मंजूर करतं, पण शेरीफ बहुतेक ठिकाणी काउंटीतून निवडून येतो आणि तो कौन्सिलला बांधील नसतो. कुठे फक्त एका कुटुंबाची घरं आणि कुठे अपार्टमेंट हे झोनिंगने ठरतं. घरांचे जुने दस्त काउंटीच्या रेकॉर्डरकडे असतात. खटला भरायचा की नाही हे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या (डिस्ट्रिक्ट अॅटर्नी) हातात असतं.

ब्रुसेस बीचचं उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे विला आणि चार्ल्स ब्रुस या कृष्णवर्णीय दांपत्याने 1912 मध्ये समुद्रकाठची जमीन घेऊन आपल्या लोकांसाठी विश्रामस्थान चालवलं. 1924 मध्ये सिटीने बागेच्या नावाखाली ती जमीन सक्तीने घ्यायची प्रक्रिया सुरू केली. 2020 मध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनी विषय लावून धरल्यावर कौन्सिलने एक टास्क फोर्स नेमला. त्याने इतिहास तपासला, माफीची शिफारस केली, आणि कौन्सिलने तो काही महिन्यांत बरखास्त केला. माफीऐवजी निषेधाचा मजकूर संमत झाला. तिथेच सगळं संपलं असतं. पण जमिनीचा तो तुकडा तोपर्यंत लॉस एंजेलिस काउंटीच्या मालकीचा झालेला होता, आणि त्याच्या हस्तांतरावरची अट राज्याने घातलेली होती. मग काउंटीच्या पर्यवेक्षकांकडे आणि राज्याच्या विधिमंडळाकडे जोर लावला गेला. 2021 मध्ये राज्याने कायदा करून ती अट काढली, 2022 मध्ये जमीन वारसांना परत मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती सुमारे 2 कोटी डॉलरला काउंटीला विकली. सिटीने माफीसुद्धा मागितली नाही आणि तरीही जमीन परत मिळाली, कारण निर्णय कुणाचा आहे हे ओळखलं गेलं.

तेव्हा पहिल्या तीन बैठकांत एवढंच करा. लोकांकडून प्रश्न गोळा करा आणि प्रत्येकापुढे लिहा: निर्णय कोण घेतं, ती संस्था कधी भेटते, पुढचा निर्णय कोणत्या महिन्यात आहे, आणि किती मतं लागतात. ज्या प्रश्नापुढचे चारही रकाने भरता येतात तोच घ्या. पहिल्या वर्षी एकच.

कागद मिळवणं

भावना खरी असली तरी स्कूल बोर्डापुढे ती एकटी टिकत नाही. 'तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं' असं म्हणून विषय मिटवला जातो. आकडा असला की उत्तर द्यावं लागतं.

शाळांसाठी सुरुवात केंद्रीय शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनपासून करा. त्यात देशातल्या सरकारी शाळांची माहिती शाळानिहाय आणि वंशनिहाय मिळते: निलंबनं, हकालपट्टी, पोलिसांकडे सोपवलेली मुलं, प्रगत अभ्यासक्रमांना बसलेली मुलं. 2017-18 च्या माहितीत देशभरात कृष्णवर्णीय विद्यार्थी एकूण पटाच्या सुमारे 15 टक्के होते आणि शाळेबाहेर निलंबित झालेल्यांमध्ये सुमारे 38 टक्के. हा देशाचा आकडा झाला. तुमच्या बोर्डाला तुमच्या शाळेचा आकडा लागतो.

तो कसा मांडायचा हे एका कल्पित शाळेवर करून पाहू. पट 800, त्यात कृष्णवर्णीय 96, म्हणजे 12 टक्के. वर्षात निलंबित झालेली मुलं 40, त्यात कृष्णवर्णीय 14, म्हणजे 35 टक्के. बहुतेक जण 12 आणि 35 असे दोन आकडे फळ्यावर लिहून थांबतात. त्यापेक्षा प्रमाण काढा. कृष्णवर्णीय मुलांत 96 पैकी 14, म्हणजे दर 100 मुलांमागे साधारण 15. बाकीच्या मुलांत 704 पैकी 26, म्हणजे 100 मागे चारही नाहीत. 'या शाळेत कृष्णवर्णीय मूल निलंबित होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आहे' हे वाक्य कुणालाही एका दमात कळतं. मग तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. एका वर्षात 14 ऐवजी 9 झाले तरी चित्र बदलू शकतं, म्हणून लहान आकड्यांवर एका वर्षाची इमारत उभी करू नका. नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आमच्या समितीत असाच तक्ता भिंतीवर लावला होता तेव्हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक बाई बराच वेळ तो बघत बसल्या आणि म्हणाल्या, "वर्गातून ऑफिसला पाठवायची चिठ्ठी कोण लिहितं, आणि त्यावर काय लिहितं?" त्या एका प्रश्नाने काम पुढे सरकलं. निलंबनाआधी शिक्षकाची चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर कारणाचा कोड असतो. मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ ही कारणं तपासता येतात. 'उद्धटपणा', 'अवज्ञा', 'वर्गात व्यत्यय' ही कारणं बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात. फरक कुठल्या कोडमध्ये आहे ते शोधा. कॅलिफोर्नियाने 'जाणूनबुजून अवज्ञा' या कारणासाठी निलंबन करायला आधी लहान इयत्तांत आणि 2024 च्या जुलैपासून बारावीपर्यंत मनाई केली आहे. म्हणजे मागणी कशी असावी याचा नमुना तयार आहे.

कोडनिहाय माहिती सहसा कुठे प्रसिद्ध नसते, ती मागावी लागते. 1966 चा केंद्रीय माहिती कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. गाव, शाळा आणि काउंटीसाठी राज्याचा कायदा लागतो, आणि प्रत्येक राज्यात त्याचं नाव आणि मुदत वेगळी. न्यू जर्सीत सर्वसाधारणपणे कामाच्या 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कॅलिफोर्नियात 10 दिवसांत कळवावं लागतं की माहिती देणार की नाही. अर्ज जितका नेमका तितका टाळायला अवघड. 'शिस्तीसंबंधी सर्व कागदपत्रं द्या' असं लिहिलंत तर हजारो डॉलरचा शुल्काचा अंदाज येईल. असं लिहा:

'गेल्या तीन शालेय वर्षांतली सहावी ते बारावीची सर्व निलंबनं. प्रत्येक नोंदीत शाळा, इयत्ता, वंश, कारणाचा कोड, निलंबनाचे दिवस. विद्यार्थ्यांची नावं किंवा क्रमांक नकोत. माहिती एक्सेलमध्ये, ईमेलने. काही भाग नाकारत असाल तर कायद्याचं कलम नमूद करावं. शुल्क लागणार असेल तर काम सुरू करण्याआधी कळवावं, आणि हे सार्वजनिक हिताचं असल्याने शुल्कमाफीची विनंती आहे.'

विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा आहे, त्यामुळे अगदी लहान संख्या झाकून मिळतील. ते योग्यही आहे, छोट्या शाळेत दोन मुलं म्हणजे कोण ती हे सगळ्यांना कळतं. तेव्हा इयत्तांऐवजी गट करून मागा.

घरांच्या प्रश्नासाठी कागद वेगळे. 1935 ते 1940 दरम्यान होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात, कर्ज द्यायला 'धोकादायक' म्हणून. रिचमंड विद्यापीठाच्या मॅपिंग इनइक्वॅलिटी प्रकल्पात ते मोफत पाहता येतात. गृहकर्ज कुणाला मंजूर झालं आणि कुणाला नाकारलं याची माहिती 1975 च्या कायद्यानुसार कर्जसंस्थांना जाहीर करावी लागते, तीही वंशनिहाय मिळते.

पण स्वयंसेवकांना सगळ्यात जास्त धरून ठेवणारं काम म्हणजे जुने दस्त वाचणं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात घरांच्या दस्तांत 'ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कुणालाही विकू अथवा राहायला देऊ नये' अशा अटी सर्रास घातल्या जात. काहींत 'आशियाई' हा शब्दही असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरवलं की न्यायालयं अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत, आणि 1968 च्या फेअर हाउसिंग अॅक्टने त्या बेकायदा ठरवल्या. मजकूर मात्र दस्तांत तसाच राहिला. मिनेसोटा विद्यापीठाच्या मॅपिंग प्रेज्युडिस प्रकल्पाने 2016 पासून हजारो स्वयंसेवकांकडून स्कॅन केलेले दस्त वाचून घेतले आणि मिनियापोलिसचा नकाशा उभा केला. एकच दस्त एकाहून जास्त माणसांनी वेगवेगळा वाचायचा आणि जुळलं तरच नोंद करायची, ही तिथली पद्धत लहान समितीनेही उचलावी. वॉशिंग्टन राज्यात हे काम आणखी पुढे गेलं. 2021 मध्ये राज्याने दोन विद्यापीठांना असे दस्त शोधायचं काम दिलं, आणि 2023 च्या कायद्याने दस्त नोंदणीवर 100 डॉलरचा आकार लावून, या भेदभावाची झळ बसलेल्या कुटुंबांना घर घ्यायला मदत करणारा निधी उभा केला. तुमच्या राज्यात अट रद्द करून घेण्याची सोय आहे का ते रेकॉर्डरला विचारा. मात्र नुसत्या अटी पुसून समाधान मानू नका. पुसण्याआधी प्रत ठेवा आणि नकाशावर नोंद करा, नाहीतर पुराव्यासकट विषयच पुसला जातो.

बैठक कशी चालवायची

सभाशास्त्राचा बाऊ नको, पण तीन गोष्टी हव्यात. विषयपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे वेळ आणि 'माहिती', 'चर्चा' की 'निर्णय' हे लिहिलेलं असावं. इतिवृत्तात कोण काय बोललं याचं रामायण नको: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या तारखांच्या यादीने व्हावी. दीड तासाच्या बैठकीत वाचन आणि आत्मपरीक्षणासाठी जागा ठेवू नका. ते आवश्यक आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. एकत्र केलं की काम करायला आलेली माणसं कंटाळतात आणि शिकायला आलेल्यांना घाई झाल्यासारखं वाटतं.

समितीत मतभेद होतील आणि त्यात वंशाचा संबंध असेल. एखाद्या कृष्णवर्णीय सदस्याने 'तुमच्या बोलण्याने मला त्रास झाला' असं सांगितलं तर हेतूचं स्पष्टीकरण देत बसू नका. ऐका, काय बदलणार ते सांगा, विषय पुढे न्या. सहअध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी दोघांशी वेगवेगळं बोलावं.

कौन्सिलपुढची तीन मिनिटं

सार्वजनिक बैठकीत नागरिकाला सहसा दोन-तीन मिनिटं मिळतात. बरेच जण पहिलं मिनिट आभार आणि ओळखीत घालवतात आणि मागणीपर्यंत पोहोचेस्तोवर घंटा वाजते. मागणी आधी सांगा: 'मी या गावात राहते, माझी मुलं इथल्या मिडल स्कूलमध्ये आहेत. माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर अवज्ञेच्या कारणासाठी होणारी निलंबनं थांबवण्याचा विषय घ्यावा.' मग तो एक आकडा. मग एक माणूस, म्हणजे एका पालकाने परवानगी देऊन सांगितलेला प्रसंग, नाव न घेता. शेवटी पुन्हा मागणी आणि तारीख. सहा जण बोलणार असतील तर सहा वेगळे मुद्दे वाटून घ्या. पाच प्रती छापून क्लार्ककडे द्या, म्हणजे त्या नोंदीत जातात. बोलून झाल्यावर निघून जाऊ नका, सदस्यांना बैठकीनंतर गाठा. खरा होकार-नकार बऱ्याचदा तिथेच कळतो.

पैसा, कायदा आणि व्हिसा

छोट्या गटाला लगेच नोंदणीची गरज नाही. वार्षिक उत्पन्न साधारण 5,000 डॉलरच्या आत असेल तर धर्मादाय दर्जासाठी केंद्राकडे अर्ज करावा लागत नाही. त्याहून जास्त पैसा येणार असेल तर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेला आर्थिक पालक (फिस्कल स्पॉन्सर) करून घेणं सोपं, म्हणजे पैसा तिच्या खात्यातून येतो-जातो. 501(सी)(3), म्हणजे धर्मादाय दर्जाच्या संस्थेने कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायचा नसतो, समितीच्या ईमेलवरूनही नाही. कायद्यातल्या बदलासाठी प्रयत्न करण्याला मात्र मर्यादेत मुभा आहे. हा फरक सदस्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

आपल्यातले अनेक जण एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असतात. जिथे कुणालाच पगार नसतो अशा समितीत विनामोबदला काम करायला, माहिती मागायला, बैठकीत बोलायला सहसा अडचण येत नाही. काही सरकारी समित्यांवर मात्र नोंदणीकृत मतदार असण्याची अट असते. नागरिक नसाल तर मतदार नोंदणीचा कागद कुणी पुढे केला तरी सही करू नका. ग्रीन कार्ड नसेल तर कोणत्याही उमेदवाराला देणगीही देऊ नका, स्थानिक निवडणुकीतसुद्धा. आणि अटक होऊ शकेल अशा आंदोलनात उतरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. अशा सदस्याला समितीने कधी 'घाबरट' म्हणू नये. त्याच्यासाठी दुसरं काम भरपूर आहे.

मदत योजना आखायची झाली तर वकील आधी, जाहीर घोषणा नंतर. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनने 2019 मध्ये गांजाच्या विक्रीवरच्या करातून 1 कोटी डॉलरचा भरपाई निधी ठरवला. 1919 ते 1969 दरम्यान तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या वंशजांना घरासाठी प्रत्येकी 25,000 डॉलर देण्याची योजना 2021 मध्ये मंजूर झाली. तिच्यामागे स्थानिक इतिहासकारांनी वर्षानुवर्षं जमवलेलं दप्तर होतं, भेदभाव नेमका कोणत्या गल्लीत आणि कोणत्या नियमाने झाला हे दाखवणारं. तरीही 2024 मध्ये योजनेविरुद्ध केंद्रीय न्यायालयात खटला दाखल झाला. असा खटला येणार हे गृहीत धरूनच कागद तयार ठेवायचे असतात.

आपल्या घरातला प्रश्न

मराठी माणूस या समितीत बसला की कधी ना कधी दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे 'आम्ही शिकलो, कष्ट केले, वर आलो, मग ते का नाही?' हा आपल्याच घरच्या जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न. याचं उत्तर दस्त आणि नकाशे वाचले की सापडतं: ज्या वर्षांत इथली कुटुंबं घर घेऊन मालमत्ता जमवत होती, त्याच वर्षांत कृष्णवर्णीयांना कायद्याने आणि बँकेने बाहेर ठेवलं होतं. व्हिसाने निवडून आणलेल्या सुशिक्षितांशी त्यांची तुलना न्याय्य नाही.

दुसरी गोष्ट जातीची. 2023 मध्ये सिएटलने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, आणि तेव्हा आपल्या समाजात किती कडवटपणा आला हे अनेकांनी पाहिलं. वंशाबद्दल न्याय मागणाऱ्याला जातीबद्दल प्रश्न विचारला जाणारच. विचारल्यावर विषय बदलू नका. फुले-आंबेडकरांच्या भाषेत वाढलेल्या माणसाने तिथे गप्प राहणं मला तरी शोभणारं वाटत नाही.

उत्तर मिळेपर्यंत

अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराची गोष्ट सांगताना आपण 1 डिसेंबर 1955 पासून सुरुवात करतो, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेपासून. पण विमेन्स पॉलिटिकल कौन्सिल ही तिथल्या कृष्णवर्णीय बायकांची संघटना 1946 पासून काम करत होती. बसमधल्या वागणुकीबद्दल तिने महापौरांकडे वारंवार तक्रारी केल्या. मे 1954 मध्ये तिच्या अध्यक्ष जो अॅन रॉबिन्सन यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता स्पष्टपणे कळवली होती. म्हणून अटकेच्या रात्रीच रॉबिन्सन हजारो पत्रकं छापू शकल्या. कुणाला द्यायची, कुठे द्यायची, हे आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर 381 दिवस शेकडो गाड्यांचं वेळापत्रक, थांबे, पेट्रोलचे पैसे यांचा हिशेब स्वयंसेवकांनी ठेवला.

तुमच्या समितीच्या पाठपुराव्यासाठी एक वही किंवा एक शीट पुरे. तारीख, कुणाला विचारलं, काय विचारलं, उत्तराची तारीख, उत्तर. मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी सभ्य भाषेत पत्र, पंधरवड्याने बैठकीत जाहीर उल्लेख, त्यानंतर राज्याच्या माहिती आयोगाकडे किंवा तुमच्या राज्यात जी सोय असेल तिथे अपील. ठराव मंजूर झाला तर त्याच रात्री सहा महिन्यांनंतरची तारीख वहीत टाका, अंमलबजावणीचा अहवाल मागण्यासाठी. अंदाजपत्रकात पैसा ठेवला गेला का ते वेगळं पाहा, कारण पैसा नसलेला ठराव पुढच्या वर्षी कुणाला आठवतही नाही. शाळेचं आणि सिटीचं अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात सुरू होतं हे पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्याच्या तीन महिने आधी कामाला लागा.

समिती बदलते तेव्हा दप्तर हस्तांतराची एक पूर्ण बैठक घ्या. मिळालेल्या माहितीच्या फाइल्स, नाकारलेल्या अर्जांची पत्रं, पासवर्ड, खात्यांतल्या कोणत्या अधिकाऱ्याशी बोलणं झालं आणि कुठवर आलं याची टिपणं, अनुभव सांगणाऱ्यांना तुम्ही काय शब्द दिला होता त्याची यादी. शेवटची यादी वाचून दाखवा, कारण ते शब्द नव्या सदस्यांवरही बंधनकारक आहेत. नव्या सहअध्यक्षांच्या पहिल्या विषयपत्रिकेवर प्रलंबित उत्तरांचा विषय पहिला घ्या आणि जुन्या सहअध्यक्षांपैकी एकाने त्या आणि पुढच्या दोन बैठकांना मताधिकाराशिवाय बसावं.